ज्वालामुखीच्या दारातली बोणी

बालीहून परत येऊन महिना होत आला. म्हैसूरच्या शिवरामपेठेत भेटेल तो विचारतो, "ज्वालामुखी कसा होता?" मी सांगतो, "बरा होता. आमच्या भावजींपेक्षा शांत." लोक हसतात आणि पुढे जातात. ज्यांना बालीला जायचं आहे, किंवा जाऊन पैसे घालवायचे नाहीत पण गेल्याचं समाधान हवं आहे, त्यांच्यासाठी तिथल्या एका अर्ध्या दिवसाची हकिकत लिहून ठेवतो. बाकीचे साडेपाच दिवस समुद्र, देवळं आणि माकडं होती. ती कुणीही सांगेल.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. बँकेत अधिकारी होते, आता सरस्वतीपुरमात निवृत्तीचं सुख भोगतात. त्यांनी टीव्ही घेतला, त्यावर कूपन मिळालं. दोघांच्या पैशात तिघांना बाली. फुकटची वस्तू वाया घालवणं भावजी महापाप समजतात, त्यामुळे तिसरा माणूस शोधणं आलं. त्यांचा मुलगा परदेशात. माझ्या बायकोला विचारलं, तर तिनं "यांना न्या, मला सहा दिवस शांतता मिळेल" म्हणून मला पुढे केलं. अशा रीतीनं मी टीव्हीवर मोफत मिळालेला माणूस म्हणून परदेशी गेलो.

मी नाहीच म्हणणार होतो. पण अक्का दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "शाम, एकतीस वर्षं झाली, तू माझ्या घरी जेवला नाहीस. भाऊबीजेला येतोस, ओवाळून घेतोस, पाणी पितोस, जातोस. बालीत तरी तू आणि ते एका टेबलावर जेवताना मला बघू दे."

"आणि तिथे मी काही बोललो तर?"

"नाही बोलायचं. त्या दिवसाची गोष्ट काढायची नाही. माझी शपथ आहे."

तो दिवस म्हणजे माझ्या दुकानाचा पहिला दिवस. दहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली पाइपांना आटे पाडून मी सहा बाय आठचा गाळा घेतला होता. नळ, वॉशर, जोडण्या. सकाळी उंबरठ्याला हळदकुंकू लावलं, शटर वर केलं, आणि पहिलं पाऊल कुणाचं? घरच्या जावयाचं. भावजींनी फळीवरचे अकराच्या अकरा नळ खोक्यांतून काढायला लावले. प्रत्येकाची चकती फिरवली, प्रत्येकात फुंकर मारली, प्रत्येकाचा भाव विचारला, प्रत्येक भावाला हसले. मग "येताना बघू" म्हणाले आणि गेले. आलेच नाहीत. त्या दिवशी माझ्याकडून एक वॉशरसुद्धा विकलं गेलं नाही. संध्याकाळी कळलं की नळ त्यांनी समोरच्या दुकानातून घेतला होता.

दुकानदाराला हे सांगावं लागत नाही. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दिवसाची बोणी. महाराष्ट्रात याला भवानी म्हणतात. बोणीला भाव पाडून मागा, उद्या देतो म्हणा, काहीही करा, पण सगळं काढायला लावून रिकाम्या हातानं जाऊ नका. जावयाला बोलता येत नाही, म्हणून मी बोललो नाही. त्यांच्या घरी न जेवणं मात्र माझ्या हातात होतं.

तळ्याकाठचं गरम पाणी

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: 'अर्ध्या दिवसाची मार्गदर्शित सहल: ज्वालामुखीचे झरे आणि उष्ण प्रदेशातील उद्यान.' सकाळी सातला गाडी आली. वाटाड्याचं नाव केतुत, पन्नाशीचा, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. त्यानं सांगितलं, बालीत मुलांची नावं जन्माच्या क्रमानं ठेवतात. केतुत म्हणजे चौथा. पाचवा झाला तर पुन्हा पहिल्याचं नाव.

"नावंसुद्धा काटकसरीनं वापरतात," भावजी खूश होऊन म्हणाले. मग त्यांनी पत्रिका उघडली. "पाणी समाविष्ट आहे ना?"

"हो सर."

"टॉवेल?"

"समाविष्ट."

"लॉकर?"

"लॉकरचे वेगळे, सर."

"मग आमचे कपडे शाम सांभाळेल," भावजी म्हणाले. टीव्हीवर मोफत मिळालेल्या माणसाचा उपयोग हळूहळू उघड होत होता.

दीड तासानं गाडी एका कड्यावर थांबली आणि खाली पाहून मी चक्क गप्प झालो. माझ्या बाबतीत असं घडलं की अक्का कपाळाला हात लावून ताप बघते, तसा तिनं बघितला. एक अवाढव्य वाडगा, त्याच्या तळात निळं तळं, आणि मधोमध बातुर नावाचा डोंगर, डोक्यावर तिरकी टोपी घालून बसल्यासारखा. त्याच्या अंगावरून लाव्हाचे काळे ओघळ खाली आलेले, उतू गेलेल्या पाकासारखे, जिथे थिजले तिथेच. केतुत म्हणाला, तिथे पूर्वी गाव होतं, देऊळ होतं. लाव्हा आला तेव्हा लोकांनी गाव सोडलं आणि देऊळ वर कड्यावर आणून बांधलं. मला आमच्या म्हैसूरजवळचं तलकाड आठवलं. तिथे वाळूनं देवळं पोटात घेतली, तर आम्ही वाळू उपसून देवदर्शनाची जत्रा भरवतो. यांनी देवालाच बिऱ्हाड बदलायला लावलं. मला हे लोक व्यवहारी वाटले.

खाली तळ्याकाठी झऱ्यांची जागा. जमिनीतून आपोआप, सरपण नाही, वीज नाही, चोवीस तास गरम पाणी येतं. मी गेली कित्येक वर्षं गिझर आणि सोलर हीटर विकतो. ज्या निसर्गानं असला फुकट धंदा मांडला आहे, त्याच्याकडे तिकीट काढून, टॉवेल घेऊन जाणं म्हणजे समोरच्या दुकानाच्या उद्घाटनाला हार घेऊन जाण्यासारखं होतं.

दाराशीच दुकानांची रांग, बहुतेक बंद. एकच उघडलेलं. साठीची बाई नुकतीच लुंग्यांच्या घड्या मांडत होती. लुंगी म्हणजे तिथला सारोंग, रंगीत नक्षीचा. पायरीवर ताडाच्या पानाची छोटी परडी ठेवलेली, तीत फुलं, चिमूटभर भात आणि एक पेटती उदबत्ती. बालीत अशा परड्या घरोघर, दारोदार, गाडीच्या पुढच्या काचेपाशीसुद्धा ठेवतात. रस्त्यानं चालताना त्या चुकवत चालावं लागतं. आपल्याकडे सकाळी सडा-रांगोळी, तसंच.

मला लुंगी नको होती. पण भाव विचारल्याशिवाय दुकानासमोरून पुढे जाणं मला जमत नाही, हा माझा आजार आहे.

"दीड लाख," बाई म्हणाली. तिथल्या नोटांवर शून्यं फार. आपल्या हिशेबानं आठशेच्या आसपास. पण दीड लाखाची लुंगी हे ऐकल्यावर कुणाचं रक्त तापणार नाही?

मी सात घड्या उघडायला लावल्या. कापड चुरगाळलं, उन्हात धरलं, कडेचा दोरा ओढून पाहिला. "चाळीस हजार."

"शंभर," ती हसून म्हणाली, हजार गृहीत धरून. "सकाळचा भाव. तुमच्यासाठी. नशीब."

माझं नशीब तिच्या हातात आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. असली वाक्यं पर्यटकांसाठी पाठ केलेली असतात. मी "पन्नास" म्हणालो आणि हुकमी डाव टाकला: पाठ फिरवली. म्हैसूरच्या बाजारात पाठ फिरवल्यावर मी दहा पावलं मोजतो. सातव्या पावलाला हाक येतेच. इथे दहा झाली, अकरा झाली. मला राग आला. बारावं पाऊल टाकत मी मागे न बघता ओरडलो, "येताना बघू!"

अक्काचं पाऊल जागीच थबकलं. मी लक्ष दिलं नाही.

आत दगडी कुंडं होती, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. दगडी सिंहांच्या तोंडातून पाण्याच्या धारा. मी हात घातला. "चाळीस अंश."

"एकोणचाळीस ते चाळीस," केतुत थक्क होऊन म्हणाला. दिवसातला माझा हा एकमेव निर्विवाद विजय. तिसऱ्या सिंहाच्या मानेपाशी सांधा गळत होता, तेही मी दाखवलं. त्यानं नम्रपणे सांगितलं की तो सिंह अनेक वर्षं तसाच आहे.

अक्का काठावर पाण्यात पाय सोडून बसली. तिनं सोबत आणलेली कोडबळी काढली. गंधकाच्या वासात तांदळाच्या पिठाच्या खमंग कड्या खाण्याचा योग फार थोड्यांच्या नशिबी असतो. भावजी गळ्यापर्यंत पाण्यात उतरून "समाविष्ट आहे, समाविष्ट आहे" अशा समाधी-मुद्रेत होते.

कपडे अक्काजवळ ठेवून मीही कुंडात उतरलो. पाण्यातून फाटक दिसत होतं आणि फाटकातून ती बाई. ती उघडलेल्या सात लुंग्यांच्या घड्या करत नव्हती. आधी तिनं पायरीवरची परडी उचलून नवी ठेवली. नवी उदबत्ती लावली. मग फुलानं सगळ्या मालावर पाणी शिंपडलं.

"पूजा आत्ताच झाली होती ना तिची?" मी केतुतला विचारलं.

तो जरा अवघडला. "सर, रागावू नका. आज तुम्ही तिचे पहिले होतात. पहिला माणूस सगळं बघून तसाच गेला की दिवस वाईट जातो. म्हणून तिनं पुन्हा केली. पहिल्याला म्हणूनच कमी भाव सांगतात. पहिला पैसा लागतो. मग ती नोट मालावर आपटतात, खप होऊ दे म्हणून."

पाणी एकोणचाळीस अंशांचंच होतं, पण मला ते एकदम उकळल्यासारखं वाटलं.

मी अक्काकडे पाहिलं. तिला केतुतचं इंग्रजी पुरतं कळत नाही, पण माझं तोंड वाचता येतं.

"मी काय म्हणालो तिला?" मी विचारलं.

"येताना बघू," अक्का म्हणाली. हातातल्या कोडबळ्याचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता. "मला वाटलं, आमचे हेच बोलले."

मी तसाच बाहेर आलो, कमरेला समाविष्ट टॉवेल, खाली ओली चड्डी, आणि लॉकर वेगळा असल्यामुळे पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात. त्रेपन्न वर्षांच्या, स्वतःचं दुकान असलेल्या माणसाचा हा वेश. मागून पायांचा फटफट आवाज आला. मी घाईनं बाजाराकडे निघालोय म्हणजे काहीतरी स्वस्त मिळतंय, असं समजून भावजी निथळत मागे आले होते. त्यांच्या मागे अक्का.

मी निळी लुंगी उचलली आणि दीड लाख पुढे केले.

बाईनं माझ्या टॉवेलकडे पाहिलं, नोटांकडे पाहिलं, आणि पन्नास परत दिले. "शंभर. सकाळचा भाव."

"दीडशे," मी म्हणालो.

"शंभर."

"बरं, एकशे चाळीस."

"नाही. शंभर."

"एकशे वीस, शेवटचं."

"अरे शाम," भावजी मध्ये पडले, "ती कमी करतेय आणि तू वाढवतोयस? डोक्यात वाफ गेली का तुझ्या?"

बाई एक पैसा चढली नाही. आयुष्यात मी इतका सपशेल कधी हरलो नव्हतो. शंभर घेऊन तिनं त्या नोटा रांगेतल्या प्रत्येक घडीवर हळूच आपटल्या, "लारिस, लारिस", म्हणजे खपू दे, खपू दे, म्हणत. माझी आई पहिल्या दिवशी माझ्या गल्ल्याला हात लावून जे पुटपुटली होती, त्याचीच ही चाल होती. भाषा तेवढी वेगळी.

"हे काय करते ती?" भावजींनी विचारलं.

"बोणी."

"म्हणजे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. खरंच विचारत होता. "म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. त्याच्या हातावर दिवस अवलंबून, असं आम्ही दुकानदार मानतो."

"मला काय माहीत? आमच्याकडे पगार एक तारखेला. म्हणजे पहिल्यानं घ्यायलाच पाहिजे?"

"घ्यायलाच पाहिजे असं नाही. पण सगळं काढायला लावून, उघडून, फुंकून, 'येताना बघू' म्हणून जाऊ नये."

भावजींनी मनापासून मान हलवली. "छे छे. असं कोण करतं रे?"

एकतीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं, धार लावलेलं, तेल घातलेलं, साल-महिना-वारासकट. भावजींच्या खांद्यामागे अक्का उभी होती. तिचा हात गळ्याशी गेला होता, जिथे शपथ घेताना माणसं हात लावतात.

"करतात काही लोक," मी म्हणालो आणि लुंगी नेसलो.

पत्रिकेतलं उद्यान

त्यानंतर 'उष्ण प्रदेशातील उद्यान'. तिकीट काढून आम्हाला दाखवलेल्या दुर्मीळ वनस्पती येणेप्रमाणे: केळ, फणस, पपई, हळद, आलं, लवंग. भावजींच्या गावाकडच्या, कृष्णराजनगरच्या घराच्या परसात यातलं निम्मं गुरं खातात. केतुत हळदीचा गड्डा वर धरून सांगत होता आणि चार गोऱ्या बायका त्याचे फोटो काढत होत्या. अक्कानं त्यातल्या एकीला वास घेऊन सांगितलं, "ओली आहे. लोणचं घाला." कन्नड, मराठी आणि हातवारे मिळून ते त्या बाईला नीट कळलं.

तरी खोटं बोलणार नाही. मशालीसारखं पेटलेलं एक लाल फूल होतं, आल्याच्याच जातीचं, माणसाच्या डोक्याएवढं. आणि झाडाच्या खोडालाच थेट लागलेली कोकोची फळं, कुणीतरी विसरून चिकटवल्यासारखी. काळ्या मातीतून एवढा हिरवा रंग निघतो हे बघून मला ज्वालामुखीबद्दल थोडा आदर वाटला. रागीट माणसाचंही शेवटी काही उगवत असावं.

शेवटी कॉफी. तिथे एक उदमांजर कॉफीची फळं खातं, बिया मागच्या दारानं बाहेर येतात, त्या धुऊन, भाजून जगातली महाग कॉफी करतात. अक्कानं एवढंच विचारलं, "धुतात ना?" सकाळी फिल्टरमधून ठिबकलेली, दाट दुधाची, फेसाळ कॉफी पिणाऱ्या गावातून आम्ही मांजराच्या मेहेरबानीची कॉफी प्यायला गेलो होतो. मी हात जोडले.

चव बघायला मात्र चौदा प्रकारचे चहा-कॉफी छोट्या कपांतून फुकट. भावजींचा हात पहिल्या कपाकडे गेला आणि मध्येच थांबला. ते केतुतकडे वाकले. "आज आम्ही इथे पहिले आहोत का हो?"

"नाही सर. तिसरी गाडी."

भावजींचा चेहरा उजळला. चौदाही कप प्याले, लेमनग्रासचा चहा दोनदा, आणि काहीही न घेता प्रसन्न मनानं बाहेर पडले.

जेवण एका टेबलावर झालं. टेंपे, म्हणजे सोयाबीनची तळलेली वडी, भात आणि चटणी. चटणीत सुकी कोळंबी असते हे केतुतनं चटणी खाऊन झाल्यावर सांगितलं. कुणी भांडलं नाही. अक्का दोन घास जास्त जेवली.

शिवरामपेठ

परत आल्यावर तिसऱ्या दिवशीची सकाळ. शटर वर केलं, उंबरठ्याला पाणी मारलं, उदबत्ती लावली. समोर रस्त्यापलीकडे कॉफीच्या टपरीपाशी भावजी उभे. हातात जुना, गंजलेला नळ. मला बघून हात केला. आत आले नाहीत.

दहा मिनिटं झाली. मी ओरडलो, "भावजी, काय झालं? या की!"

तिथूनच ते ओरडले, "बोणी झाली का तुझी?"

"नाही अजून."

"मग बसतो इथेच. स्वयंपाकघरातला नळ गेलाय. मी भाव करणार आहे."

आणि खरंच बाकावर बसले. विमानात अक्का त्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती, मी झोपेचं सोंग घेऊन पाहिलं होतं. ते माझ्याकडे न बघता नळाची चकती उगाच फिरवत होते. सरळ माफी मागितली असती, तर मी चार वाक्यं ऐकवली असती. एकतीस वर्षांत ती चांगली घोटून ठेवली होती. पण रस्त्यापलीकडे बसून राहिलेल्या माणसाला काय ऐकवणार?

म्हणून मी बसू दिलं. मी संत नाही. पाऊण तास मी वहीत डोकं घालून बसलो आणि तो पाऊण तास मला बातुरच्या पाण्यापेक्षा ऊब देऊन गेला. गिऱ्हाईक एकही फिरकलं नाही. भावजींची दुसरी कॉफी झाली. पहिली माझ्या खात्यावर होती; दुसरी त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतली, तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना.

"या आत," मी रस्ता ओलांडून म्हणालो. "तुम्हीच करा बोणी."

"बघ हं. मी भाव करणार."

"करा हो. कधी नव्हता केला?"

त्यांनी अकरा नळ काढायला लावले. प्रत्येकाची चकती फिरवली. प्रत्येकात फुंकर मारली. भावाला हसले. पाठ फिरवून दारापर्यंत गेले, मी हाक मारली नाही, तेव्हा स्वतःच परत आले. बारावा नळ घेतला. मी ती नोट घेतली आणि फळीवरच्या अकरा खोक्यांवर एकेक करून आपटली. भावजी शेजारी उभं राहून मोजत होते, एखादं राहू नये म्हणून.

"बसवायचं समाविष्ट आहे ना?" त्यांनी विचारलं.

पाना घेऊन मी स्वतःच त्यांच्या घरी गेलो. नळ बसेपर्यंत बारा वाजले. मागे वळलो तर अक्कानं केळीचं पान मांडलं होतं, कडेला मीठ, कोसंबरी म्हणजे डाळीची कोशिंबीर, लोणचं, मधे भात. तिनं 'जेव' म्हटलं नाही, हात धुवायला नवा नळ तेवढा सोडला. मी बसलो. तिनं भातावर सारू, म्हणजे आमच्याकडचं पातळ तिखट सार, वाढलं आणि भावजी विनाकारण पंख्याकडे बघत होते.

पहिला घास घेतला.

"सारूला मीठ कमी आहे," मी म्हणालो.

"अय्यो, शाम," अक्का म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती थांबेचना.